पिवळ्या निशाणाखालचा प्रवास

तार-कचेरीत काम करणारा एक तरुण प्रेमात पडतो. मोठ्या धाडसाने मुलीच्या हाती पत्र देतो आणि उत्तराची वाट पाहू लागतो. काही दिवसांतच त्याला जुलाब सुरू होतात, हिरवट उलट्या होतात, दिशांचे भान सुटते, मधूनच घेरी येते. पटकीच्या साथींनी होरपळलेले शहर. आईच्या काळजात धस्स होते. घरच्या ओळखीचे एक वृद्ध होमिओपॅथ येऊन तपासतात. नाडी क्षीण, श्वास घोगरा, अंगाला घाम. पण ताप नाही आणि कोठे दुखतही नाही. रुग्णाला फक्त मरावेसे वाटते आहे. आधी मुलाला आणि मग आईला खोदून खोदून प्रश्न विचारल्यावर ते निष्कर्ष काढतात, की प्रेमाची आणि पटकीची लक्षणे सारखीच असतात.

गाब्रिएल गार्सिया मार्केझ या कोलंबियन लेखकाच्या कादंबरीतला हा प्रसंग. १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतर तीन वर्षांनी, १९८५ मध्ये, ती स्पॅनिश भाषेत प्रसिद्ध झाली. ‘लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा’ या नावाने तिचा इंग्रजी अनुवाद १९८८ मध्ये आला. स्पॅनिशमध्ये ‘कोलेरा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक पटकी आणि दुसरा संताप, आणि कादंबरीत दोन्हींची रेलचेल आहे.

निषिद्ध प्रेमाच्या कादंबऱ्या मी पुष्कळ वाचल्या आहेत. त्यांत धोका पत्करणाऱ्या नायकाचे कौतुक असते. रात्री भिंत चढून जाणारा, वडिलांच्या बंदुकीसमोर छाती पुढे करणारा. दवाखान्यात तीस वर्षे काढल्यावर मात्र ‘धोका’ हा शब्द ऐकला की माझ्या डोक्यात एक निराळाच प्रश्न येतो. शस्त्रक्रियेच्या आधी आम्ही संमतिपत्र लिहून घेतो. त्यात धोके लिहिलेले असतात आणि खाली सही असते. ती सही ज्याच्या देहावर शस्त्र चालणार त्याची असावी, हा त्या कागदाचा सारा अर्थ. प्रेमकथेतल्या धोक्याखाली सही कोणाची असते? मार्केझची ही कादंबरी मी दुसऱ्यांदा वाचली ती याच प्रश्नासाठी, आणि या पाक्षिकाच्या वाचकांसमोर ती ठेवावीशी वाटली, कारण तिचे उत्तर कादंबरीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या पानांवर सापडते.

आधी तरुणपणीची गोष्ट. तो फ्लोरेंटिनो आरिसा, ती फर्मिना दासा. शहराचे नाव लेखक देत नाही, पण कॅरिबियन समुद्राकाठचे ते जुने बंदर कार्ताहेनासारखे आहे, हे कोणालाही ओळखू येते. फर्मिनाचे वडील लोरेन्सो दासा हे खेचरांच्या व्यापारात पैसा केलेले गृहस्थ. मुलीला उच्चकुलीन घरात द्यायची ही त्यांची जिद्द. आत्याच्या मदतीने पत्रांची देवाणघेवाण चालते. फ्लोरेंटिनो रात्री दूरवरून व्हायोलिन वाजवतो. यादवी युद्धाचे दिवस असल्याने शत्रूला सांकेतिक निरोप पाठवतो आहे, या संशयावरून त्याला पकडतात आणि पायांत बेड्या घालून कोठडीत ठेवतात. प्रेमासाठी तुरुंगवास घडला, याचा त्याला अभिमानच वाटतो. पुढे शाळेतल्या नन्सना पत्रलेखन सापडते. फर्मिनाला शाळेतून काढतात आणि वडील स्वतःच्या सख्ख्या बहिणीला घरातून कायमची हाकलून देतात. ते फ्लोरेंटिनोला पिस्तुलाचा धाक घालतात तेव्हा तो बेधडक सांगतो, घाला गोळी.

वाचणाऱ्याला हे पान आवडते. पण त्या घरातून बाहेर पडलेल्या आत्याचे पुढे काय झाले? लेखक तिच्याबद्दल फारसे सांगत नाही. फ्लोरेंटिनोच्या वाट्याला आल्या त्या काही रात्रीच्या बेड्या आणि पोटाचे दुखणे. खरी किंमत मोजली ती एका निराधार, अविवाहित बाईने, जिने फक्त चिठ्ठ्या पोचवल्या होत्या.

या भागात लेखकाच्या घरचा इतिहास आहे. मार्केझचे वडील तारमास्तर होते. आईचे वडील, कर्नल निकोलास मार्केझ, यांना हा जावई पसंत नव्हता. मुलीला दूरच्या प्रवासाला पाठवून विसर पाडायचा प्रयत्न त्यांनीही केला आणि तिथेही ठिकठिकाणच्या तारवाल्यांनी निरोप पोचवले. १९२६ मध्ये त्यांचे लग्न झाले आणि त्यांना अकरा मुले झाली. कादंबरीतही वडील फर्मिनाला दूरच्या प्रवासाला नेतात आणि तारेच्या खांबांवरून प्रेम तिचा पाठलाग करते. पण परतल्यावर भर बाजारात तो समोर येतो आणि एका क्षणात तिच्या मनातला भ्रम गळून पडतो. ती त्याला नकार देते. आई-वडिलांच्या सफल प्रेमाचा शेवट लेखकाने असा मोडला, हे मला त्याच्या धाडसाचे पहिले चिन्ह वाटते.

फर्मिनाचे लग्न होते डॉक्टरांशी. हुवेनाल उर्बिनो पॅरिसला शिकलेले. त्यांचे वडीलही डॉक्टर. ते पटकीच्या साथीत गेले. त्या धक्क्यातून मुलाने शहराची गटारे, पिण्याचे पाणी आणि बाजार स्वच्छ करण्याचा ध्यास घेतला. फर्मिनाला पटकी झाल्याच्या संशयावरून ते तिला तपासायला जातात आणि निघतो तो अन्नातून झालेला साधा संसर्ग. एकाच्या प्रेमाला पटकी समजले गेले, तर दुसऱ्याचे प्रेम पटकीच्या संशयातून सुरू झाले.

पुढे याच प्रतिष्ठित डॉक्टरांचे एक निषिद्ध प्रकरण येते आणि ती पाने वाचताना मला हसूही येते आणि अवघडल्यासारखेही होते. बार्बरा लिंच ही घटस्फोटित, विदुषी स्त्री त्यांची रुग्ण. रोज दुपारी गृहभेटीच्या निमित्ताने डॉक्टरांची घोडागाडी तिच्या दाराशी उभी राहते. आजाऱ्याच्या घरी लागतो त्याहून अधिक वेळ गाडी थांबली तर लोक बोलतील, म्हणून सारे घाईगर्दीत. भीती इतकी, की जीव कासावीस व्हावा. घरी फर्मिनाला कपड्यांच्या वासावरून सुगावा लागतो. ती पुढे घर सोडून मामेबहिणीकडे जाते आणि दीर्घ काळ परत येत नाही. गृहभेट हा आमच्या व्यवसायातला विश्वासाचा सगळ्यात नाजूक भाग. दारापर्यंत आलेल्या डॉक्टरकडे कोणी संशयाने पाहत नाही, आणि तोच विश्वास डॉक्टर उर्बिनो वापरून घेतात. त्यांनीही धोका पत्करला असे म्हणता येईल. पण मानहानी वाट्याला आली ती पत्नीच्या, आणि तोंडावर बंद झालेले दार आले त्या दुसऱ्या स्त्रीच्या.

फ्लोरेंटिनोचा हिशेब याहून काळा आहे. पन्नास वर्षांहून अधिक काळ तो फर्मिनाची वाट पाहतो, आणि वाट पाहता पाहता असंख्य स्त्रियांशी संबंध ठेवतो. त्यांतली एक विवाहित. कबुतरे पाळणारी ओलिंपिया सुलेता. गमतीने तो तिच्या पोटावर लाल रंगाने काही शब्द रंगवतो. ती विसरते, नवऱ्यासमोर कपडे बदलते आणि तो तिचा गळा चिरतो. फ्लोरेंटिनोला भीती वाटते ती आपले नाव बाहेर येण्याची. म्हातारपणी त्याच्या देखरेखीखाली ठेवलेली चौदा वर्षांची आमेरिका विकुन्या ही शाळकरी मुलगी. तिच्याशीही तो संबंध ठेवतो आणि फर्मिना विधवा झाल्याचे कळताच तिला दूर सारतो. ती अफूचा अर्क पिऊन जीव देते. पुष्कळ समीक्षकांनी या कादंबरीला प्रेमाचे महाकाव्य म्हटले आहे. मी डॉक्टर आहे, आणि चौदा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत प्रेम हा शब्द मी वापरणार नाही. तो अत्याचार आहे. आजही एखादे मूल अचानक अबोल झाले, अभ्यासात मागे पडू लागले, तर घरातल्या आणि घराजवळच्या माणसांकडेही नीट पाहावे, असे मी पालकांना आणि आजी-आजोबांना सांगते. लेखकाने हे सारे झाकलेले नाही, हे त्याचे मोठेपण. प्रेमासाठी सर्वस्व पणाला लावतो म्हणणारा माणूस पणाला लावतो ते बहुतेक वेळा दुसऱ्याचे सर्वस्व.

आता उत्तरार्ध. ८१ वर्षांचे डॉक्टर उर्बिनो आंब्याच्या झाडावर जाऊन बसलेला लाडका पोपट पकडायला शिडीवर चढतात, पोपट हाती येतो आणि पायाखालची शिडी सरकते. जन्मभर शहराला आरोग्याचे धडे दिलेला माणूस असा जातो. वृद्ध वाचकांनी हे पान अवश्य वाचावे. माळ्यावरचे काढायला स्टुलावर चढू नका, हे मी ज्यांना शंभरदा सांगितले त्यांतले कित्येक जण शंभर वेळा चढले आहेत. डॉक्टर उर्बिनो गुपचूप किती औषधे घेत, त्याचीही यादी कादंबरीत आहे: उत्साहासाठी ब्रोमाइड, झोपेसाठी बेलाडोना. बेलाडोनाने म्हातारपणी दृष्टी अंधुक होते, गोंधळल्यासारखे होते, तोल जाऊ शकतो. शिडीला सगळा दोष देण्याआधी आजचा डॉक्टर ती औषधांची पिशवी उघडून पाहील. फ्लोरेंटिनोही म्हातारपणी जिने जपून चढतो, कारण पडण्याची त्याला भारी धास्ती. तरी एके दिवशी कचेरीच्या जिन्यावर पाय घसरून त्याचा घोटा मोडतोच आणि तो अनेक आठवडे प्लास्टरमध्ये पडून राहतो.

नवऱ्याच्या अंत्यसंस्काराच्या रात्रीच फ्लोरेंटिनो फर्मिनासमोर उभा राहून आपल्या निष्ठेचा पुनरुच्चार करतो. ती संतापून त्याला घालवून देते, आणि माझ्या मते योग्यच करते. मग तो पत्रे लिहू लागतो. ही प्रेमपत्रे नसतात. जगणे, म्हातारपण, मरण यांवरचे शांत चिंतन असते, तेही टंकलेखन यंत्रावर. वैधव्याच्या पहिल्या वर्षात तिला त्या पत्रांचा आधार होतो. ती अखेर भेटीला बोलावते, आणि तो दिवाणखान्यात बसतो न बसतो तोच त्याच्या पोटात कळ उठते. कसाबसा दुसरी वेळ मागून घेऊन तो गाडी गाठतो आणि गाडीतच त्याची फजिती होते. अर्ध्या शतकापूर्वी जे पोट बिघडले होते तेच पुन्हा बिघडले. यात अतिशयोक्ती नाही. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचे मोठे जाळे असते आणि मेंदूशी त्याचे सतत बोलणे चालू असते. वय वाढले म्हणून ते बोलणे थांबत नाही.

त्या दोघांनी सत्तरी ओलांडली आहे. आता आडवे येणारे वडील नाहीत. आडवी येते मुलगी. ओफेलियाचे म्हणणे असे, की आपल्या वयात प्रेम हास्यास्पद, तर यांच्या वयात ते किळसवाणे आहे. मुलगा, तोही डॉक्टर, तसा सौम्य. पण जेवणाच्या टेबलावर तो आपला सिद्धान्त मांडतो, की म्हाताऱ्यांचे ओझे नसते तर जग भराभर पुढे गेले असते, त्यांच्यासाठी वेगळ्या वसाहती असाव्यात. पाहुणा म्हणून समोर बसलेल्या फ्लोरेंटिनोला हे ऐकून काय वाटले असेल! तरुणपणी वयाने लहान म्हणून नाही, म्हातारपणी वयाने मोठे म्हणून नाही, हे फर्मिनाच्या लक्षात येते. ती ओफेलियाला घराबाहेर काढते.

फ्लोरेंटिनो आता नदीवर बोटी चालवणाऱ्या कंपनीचा मालक आहे. त्याच्या आग्रहावरून ती माग्दालेना नदीच्या प्रवासाला निघते. बोटीवरचे त्यांचे सहजीवन लेखकाने लिहिले आहे तसे मी अन्यत्र वाचलेले नाही. तिला एका कानाने ऐकू येत नाही. त्याला टक्कल, कवळी आणि जुनाट बद्धकोष्ठ. पहिल्या रात्री शरीर साथ देत नाही. दोघेही ते समजून घेतात. पुढे ती त्याला एनिमा घेताना मदत करते, तो उठायच्या आत पेल्यात ठेवलेली त्याची कवळी घासून ठेवते. तिची पाठ दुखते तेव्हा त्याने तुंबड्या लावाव्यात, एवढीच तिची अपेक्षा. शुश्रूषा करणाऱ्या माझ्या वाचकांना यात नवे काही वाटणार नाही. ते रोज हेच करतात. त्याला प्रेमकथेत जागा मिळाली, हे नवे.

परतीच्या वाटेवर ओळखीचे लोक बोटीत चढतील आणि नवरा जाऊन फार काळ लोटलेला नसताना आपल्याला असे पाहतील, या कल्पनेने फर्मिना खचते. फ्लोरेंटिनो कप्तानाला विचारतो, माल आणि उतारू न घेता जाता येईल का? बोटीवर पटकीचा रुग्ण असेल तरच, कप्तान म्हणतो. मग मधल्या एका बंदरात उतारूंना दुसऱ्या बोटीत चढवून पटकीचे पिवळे निशाण उभारले जाते. एक डॉक्टर म्हणून माझा या निशाणाला आक्षेप आहे. साथीची खोटी सूचना ही थट्टा नव्हे. उद्या खरी साथ आली तर निशाणावर विश्वास कोण ठेवणार? विशेष म्हणजे आजच्या आंतरराष्ट्रीय सागरी संकेतांत एकट्या पिवळ्या निशाणाचा अर्थ बरोबर उलटा आहे: जहाजावर सारे निरोगी आहेत, बंदरात येऊ द्यावे. मार्केझच्या बोटीवर खरे तर हाच अर्थ लागू पडतो.

तरीही संपूर्ण कादंबरीत एवढा एकच धोका असा आहे, की तो ज्यांच्या अंगावर येणार त्या दोघांनीही तो डोळे उघडे ठेवून पत्करला आहे. कोणाची आत्या बेघर होत नाही, कोणाचा गळा चिरला जात नाही. लोकापवादाचा, मुलांच्या रोषाचा, दगा देणाऱ्या शरीराचा, आणि लवकरच एकाने दुसऱ्याला स्मशानात पोचवण्याचा धोका. संमतिपत्रावर दोन सह्या आहेत.

शरीराच्या धोक्याबद्दल डॉक्टरने थोडे स्पष्ट बोलायला हवे, कारण हे प्रश्न दवाखान्यात दार लोटून घेऊन, खाली मान घालून विचारले जातात. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या व्यक्तीची प्रकृती स्थिर असेल आणि छातीत न दुखता, धाप न लागता दोन जिने सलग चढता येत असतील, तर शारीरिक जवळिकीची सहसा भीती नसते. तरी एकदा आपल्या डॉक्टरांना विचारावे. छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेट गटाची गोळी चालू असेल, जिभेखाली ठेवायची गोळीही त्यातच आली, तर सिल्डेनाफिलसारखे औषध मुळीच घेऊ नये. रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. दुकानातून कोणाला तरी पाठवून ते गुपचूप आणवले जाते, म्हणून हे येथे लिहिते. गर्भधारणेचा प्रश्न संपला तरी संसर्गाचा संपत नाही. आणि मनाला बसलेला धक्का हृदयालाही बसतो: ताकोत्सुबो नावाचा विकार जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास वर्णिला. त्यात हृदयाचा आकार तिथल्या कोळ्यांच्या ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा होतो. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो; कारण बहुधा दुःख किंवा भीती, क्वचित अत्यानंदही. वर्षानुवर्षांचे एकटेपण मात्र कोणत्याही तपासणीत उमटत नाही. जेवण सुटते, गोळ्या चुकतात, झोप उडते, आणि मुले सांगतात, “बाबा हल्ली फार विसरतात.”

असे एक आजोबा माझ्याकडे येतात. पत्नीला जाऊन सहा वर्षे झाली. सकाळच्या बागेतल्या योगवर्गात त्यांची एका निवृत्त शिक्षिकेशी ओळख झाली. गेले वर्षभर दोघे रोज संध्याकाळी एकत्र चहा घेतात, एकमेकांच्या गोळ्यांचे डबे भरतात. लग्न करायचे नाही, कारण दोन्हीकडे मुले आहेत, दोन्हीकडे घर आहे. मुलगी माझ्याशी बोलायला आली तेव्हा फार रागावलेली होती. “डॉक्टर, या वयात त्यांना हे शोभतं का? तुम्हीच समजवा.” मी तिला विचारले, “नक्की कसली भीती वाटते आहे?” बराच वेळ ती लोक काय म्हणतील, याबद्दल बोलली. मग आईचे दागिने आणि फ्लॅट यांबद्दल. शेवटी रडत म्हणाली, “आईला विसरले ते.” तिच्या भीतीतल्या पहिल्या दोन गोष्टींना उपाय आहे, वकिलाकडे जाऊन मृत्युपत्र नीट करून घ्यावे, आणि ते आजोबांनी आधीच केले होते. तिसऱ्या गोष्टीवर माझ्याकडे औषध नव्हते. मी एवढेच म्हणाले, की तुमच्या आईच्या तारखेला ते अजूनही उपास करतात आणि त्यांची साखर खाली येते, म्हणून मला ते ठाऊक आहे. हे तिला माहीत नव्हते.

गेल्या पावसाळ्यात आजोबांना न्यूमोनिया झाला. रात्री दोन वाजता रुग्णालयात घेऊन गेल्या त्या बाई. दाखल करण्याच्या फॉर्मवर ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना असतो. तिथे त्यांची लेखणी थांबली. रात्रपाळीची परिचारिका घाईत होती, तिने विचारले, “मिसेस का?” बाईंनी नाही म्हटले आणि ‘स्नेही’ असे लिहिले. त्यावर त्यांची सही चालणार नाही, मुलाला बोलवा, असे सांगण्यात आले. मुलगा बंगळूरूहून सकाळी पोचला. मधल्या सहा तासांत त्या बाई बाहेरच्या बाकावर बसून होत्या. त्यांच्या पर्समध्ये आजोबांच्या सर्व गोळ्यांची यादी होती, वेळांसकट.

आता आजोबांच्या फाइलवर आतल्या बाजूला दोन नंबर आहेत. वर मुलाचा, खाली त्या बाईंचा, आणि मुलाने स्वतःच्या हाताने लिहिले आहे, की आपण पोचेपर्यंत यांना सर्व विचारावे, सर्व सांगावे. मुलगी अजून त्यांना भेटलेली नाही. दिवाळीला येणार आहे, असे आजोबा म्हणाले.